फेह इमेज व्ह्यूअर : चार हजार मोडी कागद निवडताना आलेला अनुभव

आमच्या वाईच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती आणि तिच्यात सात रुमाल. रुमाल म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं, दफ्तरखान्यातही हाच शब्द चालतो. सासऱ्यांच्या आजोबांकडे कुलकर्णीपण होतं त्यामुळे कागद झाडून सगळे मोडीतले. शाळेतून रिटायर झाल्यावर मी ते स्कॅन करायला घेतले, दोन वर्षांत पाच रुमाल झाले आणि कॉम्प्युटरवर ४,३१२ फायली जमा झाल्या. स्कॅन करणं हे सोपं काम होतं हे तेव्हा कळलं. खरं काम पुढे होतं, कुठलं पान वाचता येतंय, कुठलं परत स्कॅन करायला लागेल, कुठल्या कागदाची पाठ राहून गेलीय, हे एकेक पान डोळ्यांनी बघूनच ठरवायला लागतं.

माझा डेस्कटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, त्यावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप. त्यात आधीपासून जो फोटो बघायचा प्रोग्रॅम होता तो चार हजार फायलींचा फोल्डर उघडला की आधी सगळ्यांची छोटी चित्रं बनवत बसायचा, तेवढ्या वेळात माझा चहा करून पिऊन व्हायचा. आणि एखादं पान बाजूला काढायचं तर राइट क्लिक, कट, दुसरा फोल्डर उघडा, पेस्ट, परत मागे या, आणि परत आलं की यादी पहिल्यापासून सुरू. एका संध्याकाळी जेमतेम साठ-सत्तर पानं व्हायची आणि मनगट दुखायचं ते वेगळंच.

पुण्याला माझा भाचा आहे, तो म्हणाला मावशी तू फेह वापर. त्याने फोनवर एकेक कमांड सांगितली आणि मी वहीत लिहून घेतली, ती वही अजून कीबोर्डशेजारी असते. इथेही मी कमांडी तशाच लिहितेय, म्हणजे डॅश, मग लहान का मोठं अक्षर, असं. हे लहान-मोठं नीट बघा, फेहमध्ये लहान एफ वेगळा आणि मोठा एफ वेगळा, दोघांचं काम पूर्ण निराळं आहे.

फेह म्हणजे टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, चालणारा अगदी हलका इमेज व्ह्यूअर, चित्रं बघायचा प्रोग्रॅम. नवा नाही, कोडवर टॉम गिल्बर्ट यांचा कॉपीराइट १९९९ पासूनचा आहे आणि २०१० पासून त्याची देखभाल दुसऱ्या व्यक्तीकडे आहे. सी भाषेत लिहिलाय, चित्रं उघडायला इमलिब२ नावाची लायब्ररी वापरतो, फुकट आहे. डेबियनमध्ये एपीटी इन्स्टॉल फेह म्हटलं की येतो. टर्मिनलमध्ये फेह आणि पुढे फोल्डरचं नाव लिहून एंटर मारलं की चित्र समोर. वर मेनू नाही, बाजूला पट्टी नाही, बटणं नाहीत. खिडकीच्या मथळ्यावर फक्त एवढं येतं की ४,३१२ पैकी हे कितवं आणि फायलीचं नाव काय. माझ्यासाठी ते "पैकी कितवं" फार मोलाचं ठरलं कारण रोज झोपताना कळायचं आज किती पुढे सरकलो.

पहिल्या दिवशी मात्र तीन गोष्टींनी गोंधळ उडाला, त्या आधीच सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. एक म्हणजे फेह चित्र त्याच्या खऱ्या आकारात उघडतो. माझे स्कॅन ६०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, ए४ आकाराचं पान म्हणजे ४,९६० बाय ७,०१६ पिक्सेल, तेव्हा स्क्रीनवर पानाचा एक कोपराच दिसायचा आणि मला वाटलं फाईलच बिघडली. डॅश डॅश स्केल डॅश डाउन लिहिलं की पान स्क्रीनमध्ये बसतं. दुसरं, माऊसचं चाक फिरवलं की झूम होत नाही, पुढचं-मागचं चित्र येतं. ते बदलता येतं, घरच्या डिरेक्टरीत डॉट कॉन्फिग, त्यात फेह, त्यात बटन्स नावाची फाईल करायची आणि झूम इन, झूम आउट यांना चाकाचे नंबर ४ आणि ५ द्यायचे, आणि हेच नंबर आधी ज्यांना दिलेले आहेत त्या मागचं-पुढचंवाल्या दोन ओळी मोकळ्या सोडायच्या. तिसरं, माझ्या स्कॅनरने फायलींना १, २, ३ अशी नावं दिलेली, त्यामुळे १ नंतर १० यायचं मग ११ आणि २ कुठेतरी लांब. त्याला सॉर्ट नेम सोबत डॅश डॅश व्हर्जन डॅश सॉर्ट द्यायचं, मग आकडे आपण मोजतो तसे येतात.

वेगाबद्दल खरं तेच सांगते. सुरुवात लगेच होते कारण तो आधी काही बनवत बसत नाही, समोरचं एक चित्र उघडतो आणि थांबतो. पण ६०० डीपीआयचं पान मेमरीत उघडलं की साधारण १४० एमबी जागा घेतं, हे गणित कुठल्याही व्ह्यूअरला चुकत नाही, आणि फेह पुढचं पान आधीच वाचून ठेवत नाही म्हणून प्रत्येक पानाला माझ्या मशीनवर क्षणभर थांबायला लागायचं. मी मूळ टिफ फायली बाजूला नीट जपून ठेवल्या आणि बघण्यासाठी सगळ्यांच्या ३०० डीपीआयच्या जेपेग प्रती काढल्या. आता बोट दाबलं की पान येतं. स्पेसबार म्हणजे पुढे, बॅकस्पेस म्हणजे मागे, लहान क्यू म्हणजे बंद.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. फेहमध्ये ० ते ९ या आकड्यांच्या बटणांना तुम्ही तुमची स्वतःची कमांड जोडू शकता. त्याला ॲक्शन म्हणतात. डॅश डॅश ॲक्शन१ लिहायचं आणि पुढे अवतरणात कुठलीही शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये चालते तशी, कमांड, तिच्यात फायलीच्या नावाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि मोठा एफ. मग पान बघायचं, मनात ठरवायचं, १ दाबायचं, कमांड चालते आणि पुढचं पान आपोआप येतं. म्हणजे माझा निर्णय आणि त्याची नोंद यांच्यामध्ये फक्त एक बोट. १ म्हणजे वाचता येतंय, २ म्हणजे परत स्कॅन, ३ म्हणजे पाठ राहिली, ४ म्हणजे कोरं पान. पहिल्या संध्याकाळी मी साडेचारशे पानं निवडली. जेवायला हाक मारली तेव्हा मला खरंच वाटलं घड्याळ चुकलंय.

टक्के मोठा एफच का, तर लहान एफ लिहिलं तर फायलीचं नाव जसंच्या तसं शेलकडे जातं, नावात मोकळी जागा असेल किंवा अवतरण असेल तर शेल त्याचे तुकडे करतो आणि भलतंच काही घडतं. मोठा एफ नाव नीट बांधून देतो. माझ्या काही फायलींची नावं "रुमाल २ पान १४ पाठ" अशी होती, लहान एफने एकही हलली नसती.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते कारण ती अजूनही मनाला लागते. सुरुवातीला मी यादी न करता थेट फायली हलवत होते, २ दाबलं की एमव्ही ही फाईल हलवायची कमांड, फाईल "परत" नावाच्या फोल्डरमध्ये. पण तो फोल्डर मी बनवलाच नव्हता. असं असलं की एमव्ही तक्रार करत नाही, तो फायलीचंच नाव बदलून "परत" करतो, आणि पुढच्या वेळी २ दाबलं की दुसरी फाईल पहिलीवर लिहिली जाते, तिसरी दुसरीवर. अकरा पानांनंतर माझ्या लक्षात आलं, उरली फक्त अकरावी. त्या जेपेग प्रती होत्या आणि मूळ टिफ शाबूत होत्या म्हणून वाचले, नाहीतर कागद परत उलगडायला लागले असते, आणि त्यातले दोन असे आहेत की आता हात लावला तरी घडीवर फाटतात. फेहमध्ये अन्डू नाही. तो फक्त तुमची कमांड चालवतो, ती चुकीची का बरोबर हे बघणं त्याचं काम नाही. तेव्हा हलवायचंच असेल तर फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्या, मग फोल्डर नसेल तर एमव्ही अडतो, आणि डॅश एन द्या, मग तो कशावरही लिहीत नाही.

त्या दिवसापासून मी पद्धतच बदलली. आता कुठलंही बटण फाईल हलवत नाही, फक्त तिचं नाव एका यादीत लिहितं. एको (ही पुढे दिलेलं छापणारी कमांड), टक्के मोठा एफ, मग ग्रेटर दॅनचं चिन्ह दोनदा, मग यादीच्या फायलीचं नाव. दोनदाच, एकदा दिलं तर प्रत्येक वेळी यादी पुसून नव्याने सुरू होते. चुकून २ ऐवजी ३ दाबलं तरी यादी एडिटरमध्ये उघडून ती ओळ काढता येते. आणि हीच यादी परत फेहला देता येते, डॅश लहान एफ आणि यादीचं नाव, म्हणजे फक्त "परत स्कॅन"वाली पानं एकामागोमाग बघता येतात. यादी पक्की झाली असं वाटलं की शेवटी एकदाच सगळ्या फायली हलवायच्या. यादीतून उघडलेलं असताना डिलीट दाबलं तर ते पान फक्त यादीतून जातं, फाईल जागेवर राहते. पण कंट्रोल आणि डिलीट एकत्र दाबलं तर फाईलच डिस्कवरून जाते, तीही काही न विचारता. मी ते बटण बंदच करून टाकलं. डॉट कॉन्फिगमधल्या फेहच्या फोल्डरात कीज नावाची फाईल करायची, तिच्यात नुसतं डिलीट एवढा शब्द एका ओळीत लिहायचा आणि पुढे कुठलंही बटण लिहायचं नाही. ज्यांच्या घरी लहान मुलं कीबोर्डला हात लावतात त्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं.

९ नंबरला मी खूण ठेवते. ९ दाबलं की आत्ताच्या पानाचं नाव "खूण" नावाच्या फायलीत जातं (इथे ग्रेटर दॅन एकदाच), आणि दुसऱ्या दिवशी डॅश डॅश स्टार्ट डॅश ॲट देऊन तिथूनच सुरू. फेह स्वतःहून कालची जागा लक्षात ठेवत नाही. आणि ५ नंबरला भाच्याने चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहून दिलीय, ५ दाबलं की झेनिटी नावाच्या प्रोग्रॅमची छोटी चौकट उघडते, तिच्यात मी मराठीत टाइप करते, कर्जरोखा, वतनाचा कागद, पत्र, हिशेब, जे असेल ते, आणि ते फायलीच्या नावासकट एका तक्त्यात जाऊन बसतं. या कमांडीच्या अगदी सुरुवातीला अर्धविराम दिलाय, त्यामुळे लिहून झाल्यावर तेच पान परत समोर येतं, पुढे पळत नाही. एवढी मोठी कमांड रोज कोण टाइप करणार, म्हणून थीम्स नावाच्या फायलीत "मोडी" या नावाने सगळे पर्याय एका ओळीत ठेवलेत. आता फेह, डॅश मोठा टी, मोडी, एवढं लिहिलं की माझी सगळी बटणं तयार.

मोडी वाचणाऱ्यांसाठी एक खास सांगते. मोडीत आधी पूर्ण रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली बोरूने अक्षरं लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, त्यामुळे शाईचा एक बारीक फाटा दिसला का नाही यावर शब्द ठरतो. एकाच पानाचे दोन स्कॅन असले, एक जुना आणि एक दिवा बदलून केलेला, तर कुठला ठेवायचा हे बघायला डॅश डॅश कीप डॅश झूम डॅश व्हीपी हा पर्याय मला देवासारखा भेटला. पहिल्या स्कॅनवर एखाद्या अक्षरावर झूम करा, पुढे जा, दुसरा स्कॅन त्याच जागी त्याच झूमवर उघडतो. स्पेस, बॅकस्पेस, स्पेस, बॅकस्पेस, आणि फरक डोळ्यांना आपोआप दिसतो. तारांकन दाबलं की शंभर टक्के, तिरकी रेघ दाबली की पान परत खिडकीत बसतं, माऊसचं डावं बटण धरून ओढलं की पान सरकतं.

आडवं स्कॅन झालेलं पान लेस दॅन, ग्रेटर दॅनच्या बटणांनी फिरतं, पण ते फक्त बघण्यापुरतं. फायलीतच बदल हवा असेल तर सुरुवातीला डॅश डॅश एडिट द्यायला लागतं. मला हे असंच असावं असं वाटतं, बघताना फाईल बदलली जाऊ नये.

बाकी दोन-तीन कामं पटकन सांगते. पेन ड्राइव्हवरून आणताना काही फायली अर्धवट आल्या होत्या, फेह डॅश लहान यू डॅश आर म्हटलं की फोल्डरमधल्या न उघडणाऱ्या फायलींची नावं टर्मिनलमध्ये छापून येतात, सात सापडल्या. डॅश डॅश मिन डॅश डायमेन्शन देऊन ठराविक आकारापेक्षा लहान चित्रं गाळता येतात. आणि डॅश आय सोबत डॅश मोठा ओ दिलं की फोल्डरमधल्या सगळ्या चित्रांचा एकच मोठा तक्ता फाईल म्हणून तयार होतो, मी प्रत्येक रुमालाचा असा तक्ता छापून त्या रुमालाच्या गाठीला बांधलाय. बरेच जण फेहला फक्त वॉलपेपर लावण्यापुरतं ओळखतात, बीजी फिल वापरून, तेही तो करतो आणि डॉट फेहबीजी नावाची फाईल ठेवतो म्हणजे पुढच्या वेळी लॉगिन करताना तीच चालवायची, पण एवढंच वापरणं म्हणजे सुरीने फक्त लोणी लावण्यासारखं आहे.

रविवारी आमच्याकडे चार-पाच जण मोडी वाचायला बसतात. कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला असतो, कीबोर्ड लांब. मी टीव्हीशेजारी बोट ठेवून ओळ दाखवते, मग पान पुढे न्यायला दर वेळी कुणीतरी उठायचं. फेहला बाहेरून सिग्नल देता येतो, युएसआर१ म्हणजे पुढे आणि युएसआर२ म्हणजे मागे. मी फोनवरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल वापरायची सोय) कॉम्प्युटरला जोडून घेते आणि पीकिल डॅश युएसआर१ फेह पाठवते, पान बदलतं. ही कमांड फोनमध्ये वरच्या बाणाने परत येते त्यामुळे टाइपही करायला लागत नाही. आमच्यातल्या एका आजोबांना वाटलं मी टीव्हीचा रिमोट वापरतेय. याच टीव्हीवर सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला घरचे जुने फोटो लावले होते, डॅश मोठा एफ फुल स्क्रीनसाठी, लहान झेड उलटसुलट क्रमासाठी, मोठा डी आणि ६ म्हणजे सहा सेकंदांनी पुढे, मोठा वाय माऊसचा बाण लपवायला. चार तास न थांबता चाललं.

कमी काय आहे तेही सांगायला हवं. स्क्रीनवर फायलीचं नाव काढायचा पर्याय आहे, पण नाव देवनागरीत असेल तर ते माझ्याकडे नीट उमटत नाही, फॉन्ट बदलून बघितला तरी वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसत नाहीत. मराठीत फायलींना नावं देणाऱ्या माणसाला हे सलतं. मी त्यामुळे फायलींना आकडेच ठेवले आणि मराठी सगळं तक्त्यात नेलं. जीआयएफ हलत नाही, पहिलंच चित्र दिसतं. रंगांच्या प्रोफाइलची दखल घेत नाही, तेव्हा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी रंग याच्यात ठरवू नयेत, निवड करायला मात्र जरूर वापरावा. आणि मॅन पेज, म्हणजे प्रोग्रॅमसोबत येणारी माहिती, लांबलचक आहे, इंग्रजीत आहे, सगळं त्यात आहे पण कुठून सुरू करायचं ते त्यात नाही. मला भाचा होता. ज्यांना कुणी नाही त्यांनी स्केल डाउन आणि ॲक्शन१ एवढे दोनच शोधून आधी वापरावेत, बाकीचं गरज पडेल तसं वाचावं.

एनएसएक्सआयव्ही म्हणून याच जातीचा दुसरा व्ह्यूअर आहे, तोही वापरून बघितला. त्याचं छोट्या चित्रांचं पान मला जास्त आवडलं, लहान एमने खुणा करत जायचं आणि बंद करताना डॅश ओ दिलेलं असेल तर खूण केलेल्यांची नावं छापून येतात. शंभर फोटोंतून दहा निवडायचे असतील तर तोच बरा. पण माझं काम एका पानाला चारपैकी एक उत्तर द्यायचं आहे आणि त्याला आकड्यांची बटणं हवीत.

भाच्याचा लॅपटॉप आता वेलँडवर आहे, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायची लिनक्समधली नवी व्यवस्था. तिथे फेह एक्सवेलँडमधून (जुन्या प्रोग्रॅमसाठी केलेली सोय) उघडतो पण वॉलपेपर लावायचं काम चालत नाही, तो स्वतः आयएमव्ही या दुसऱ्या व्ह्यूअरकडे वळलाय. मला म्हणाला मावशी, तुझा डेस्कटॉप बदलून देऊ का. मी म्हटलं इतक्यात नको, अजून दोन रुमाल सोडायचे आहेत.